रेड्याच्या डोक्याखालचं नाव

अकोला
३ नोव्हेंबर २०२५

नागसेन,

सप्रेम जयभीम. पत्र पाहून हसशील तं हस. माहा नंबर तू ब्लॉक केला. तुह्या वहिनीच्या, मायाच्या, फोनवरून लावला तं तोबी केला. पोस्टमन काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे लिहून राहिलो.

कामाचं सांगतो. फेब्रुवारीपासून मी इथं सासरवाडीच्या गल्लीत खोली करून आहो. गाणं बंद. लग्नं, रिसेप्शन, दुकानाची उद्घाटनं, जे भेटते त्याचं अँकरिंग करतो. ज्यांच्याकडे करतो त्यांचं नाव केशवराव. मंडप त्यांचा, साऊंड त्यांचा, माणसंबी त्यांचीच. डिसेंबरात ते इथं मैदानावर मोठा कार्यक्रम घेऊन राहिले. तीन बँड आहेत. त्यांच्या पोरीनं त्यांना आपला विडिओ दाखवला, अमरावतीच्या कॉलेजातल्या गॅदरिंगचा, 'विहीर' गाण्याचा. पाह्यला असशीलच. सगळ्या वऱ्हाडानं पाह्यला.

केशवराव मले म्हणते, "धर्मेंद्र, हा रेड्याचं मुंडकं घालून गाते तो तूच नं?" मी म्हटलं, हो.

आता त्यांना रेडा पाहिजे. नाही आणला तं जानेवारीपासून माईक दुसऱ्याच्या हातात. ते तसं म्हणाले नाही, पण दुसरा पोरगा रोज येऊन ऑफिसात बसते.

तं गजेंद्र अन पियुषले गोळा कर. मुखवटा तुह्याजवळच आहे. फ्लेक्सबी तुह्याच दुकानातून करू, तुह्यासारखं बिनचूक काम इथं कोणी करत नाही. रागात असशील. राग आपण नंतर पाहू.

तुहा दादा,
धर्मेंद्र

*

अमरावती
१० नोव्हेंबर २०२५

धर्मेंद्रदादा यांस,

जयभीम. 'सप्रेम' लिहायचं राहून गेलेलं नाही.

केशवरावांनी विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते वाक्य तुम्ही मलाच लिहून पाठवलंत, याचं जास्त आश्चर्य वाटलं.

तुम्ही विसरला असाल, म्हणून सगळं सांगतो. आपण चौघं होतो. चांदूर बाजारचा गजेंद्र गिटारवर, बडनेऱ्याचा पियुष ड्रमवर, मी कीबोर्डवर आणि तुम्ही पुढे. पियुषच्या रेल्वे क्वार्टरमागच्या पत्र्याच्या खोलीत तालीम चालायची. आपलं सात मात्रांचं गाणं ऐकून त्याचे बाबा म्हणाले होते, "एक ठोका कमी पडून राहिला रे, कोणी चोरला?" इथं असलं संगीत कुणी ऐकत नव्हतं. ते इंग्लंडचे जुने प्रोग्रेसिव्ह रॉकवाले तुम्हीच मला मोबाईलवर दाखवले. एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा इयन अँडरसन. आणि पीटर गॅब्रिएल, जो एकदा बँडमधल्या कुणालाही न सांगता बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं डोकं घालून स्टेजवर आला. मी त्यांच्या कीबोर्डवाल्यांकडे पाहायचो. तुम्ही माझं डोकं धरून स्क्रीनच्या मधोमध वळवायचात. "तिकडे काय पाहतं? गाणं तं कोणीबी गाते. समोर उभं राहणं वेगळं असते." मग केशरआत्यानं पेपरचा लगदा आणि मेथीची पूड मळून तुम्हाला रेड्याचं डोकं करून दिलं.

'विहीर'मधला माणूस विहिरीत उतरतो आणि रेडा होऊन वर येतो. तो उतरला की तुम्ही पडद्यामागे जायचं आणि मुखवटा घालून यायचं. तेवढा वेळ आम्ही फेरा धरायचा, म्हणजे तेच सात ठोके पुन्हा पुन्हा फिरवायचे. नियम तुम्हीच केला होता. गायक येईपर्यंत फेरा सोडायचा नाही, कितीही वेळ लागो.

गॅदरिंगच्या दिवशी आम्ही फेरा सोडला नाही. तुम्ही आला नाहीत. पोरांनी आधी टाळ्या दिल्या, मग शिट्ट्या मारल्या, मग खुर्च्या आपटायला लागले. पियुषचा घाम मला मागून दिसत होता. मुखवटा पडद्याआड, माझ्या हाताच्या अंतरावर खिळ्याला लटकत होता. मी कीबोर्डवर लूप लावला, उठलो, मुखवटा डोक्यात घातला आणि पुढे जाऊन उरलेलं गाणं मी गायलो.

माझे हात कार्यक्रमात कसे थरथरतात ते तुम्हाला माहीत आहे. आत मेथीचा वास होता, अंधार होता आणि हात थांबले. मला कुणी पाहत नव्हतं, आणि सगळे माझ्याकडेच पाहत होते. असं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ग्रुपवर लिहिलंत, "घसा गेला, मी थांबतो." माझ्याविषयी एक शब्द नाही. मग अकोल्याला निघून गेलात. कोण गायलं हे गजेंद्र आणि पियुष सोडून कुणाला माहीत नाही. ते तुम्ही आता विकायला काढलं आहे.

मी येईन. पण फ्लेक्सवर रेड्याच्या डोक्याखाली माझं नाव राहील, आणि गाईनही मीच. मान्य नसेल तर पत्र पाठवू नका.

नागसेन

*

अकोला
१५ नोव्हेंबर २०२५

नागसेनराव,

हे तुमी-आमी काहून लावलं? मामाच्या घरी तुह्या अंगावर चड्डी नसताना मी तुले खांद्यावर घेऊन फिरलो. आता मी 'यांस' झालो.

बरं, मान्य. डोक्याखाली नाव तुहं टाक. मोठं टाक. केशवरावले मी सांगतो का विडिओतला माणूस हाच, मी मजाक करत होतो. ते शिव्या देतीन, मी खाईन.

पण माही बी एक अट आहे. मुखवटा घालायचा नाही. तो स्टेजवर स्टँडवर ठेव, लोकांना दिसू दे, अन तू उघड्या तोंडानं गा.

तुले वाटते का त्या दिवशी लोक तुह्या आवाजावर भुलले. असन बापा. मग तोंडाची काय भीती? गॅब्रिएल बँड सोडून गेला तं त्यांनी किती गायक ऐकले, कोणी पटला नाही, शेवटी मागचा ड्रमवालाच पुढं आला. बँड आणखी मोठा झाला. तुले हे पाठ असन, रात्री हेच घोकत असशील. पण तो ड्रमवाला आपल्या तोंडानं गायला. कोल्ह्याचं मुंडकं घालून नाही.

भीत असशील तं सांग. मी केशवरावले सांगतो का रेडा मेला.

धर्मेंद्र

*

अमरावती
२१ नोव्हेंबर २०२५

दादा,

अट मान्य आहे. 'तू' लिहितो, कारण भांडताना 'तुम्ही' जड जातं.

फ्लेक्स आज झाला. काळी जमीन, मधोमध रेड्याचं डोकं, खाली एकाच ओळीत माझं नाव, त्याखाली बारीक अक्षरात आपल्या बँडचं नाव, 'पावणेसात'. तुझा फोटो नाही, माझाही नाही. तुला ठाऊक आहे, आमच्या दुकानात रोज वीस-वीस तोंडांचे फ्लेक्स निघतात आणि कुणाचं तोंड कुणापेक्षा बोटभर मोठं यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. मालक पंजाबरावांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"मुंडकं जनावराचं अन नाव मानसाचं. फोटो टाक ना बे स्वतःचा."

"नको."

"लोक काय समजतीन?"

"समजायचं ते समजतील," मी म्हणालो.

"मंग असं समजतीन का हे मुंडकंच नागसेन आहे," ते म्हणाले आणि पैसे मोजायला आत गेले.

फोटो टाकणार होतो, खोटं बोलत नाही. तीन फोटो काढून पाहिले. रेड्याशेजारी मी त्याला चारा टाकणारा दिसत होतो.

रोज दुकान बंद झाल्यावर आरशासमोर गातो. सुरुवातीला आरशाकडे पाहिलं की शब्द जायचे. आता जात नाहीत. गजेंद्र म्हणतो, "तू गातं त चांगला, पण माफी मागितल्यासारखा गातं." मी त्यावर काम करतो आहे.

एक विचारायचं आहे. त्या दिवशी तू परत का आला नाहीस? घसा गेला नव्हता. पहिल्या भागात तू उत्तम गायलास. मी ऐकत होतो.

नागसेन

*

अकोला
२७ नोव्हेंबर २०२५

नागसेन,

फ्लेक्स पोचला. चौकात लावला. येणारेजाणारे थांबून पाहतात. झकास.

तू जे विचारलं ते कार्यक्रम झाल्यावर सांगतो.

आई येऊन राहिली. तिले पहिल्या रांगेत बसवतो, तिच्या हातचं डोकं आहे म्हटलं. आचलनं, म्हणजे केशवरावच्या पोरीनं, तुह्या नावाची पोस्ट टाकली. जेवून येऊ नको, मायानं मांडे करायचं काढलं आहे.

धर्मेंद्र

*

अमरावती
१७ डिसेंबर २०२५

दादा,

मुखवट्याच्या डोळ्यांची भोकं लहान आहेत, हे मला आत गेलेला माणूस म्हणून माहीत आहे. त्यामुळे मैदानावर काय झालं ते तुला नीट दिसलं नसेल. मला दिसलं, म्हणून लिहितो.

तू माईकवर माझं नाव पुकारलंस. चांगलं पुकारलंस, त्यात खोट नव्हती. माणसं उभी राहिली. मी कीबोर्ड पियुषच्या बाजूला सरकवून पुढे आलो. पांढरा शर्ट इस्त्रीचा होता. टाळ्या अर्ध्यात थांबल्या. पहिल्या रांगेच्या मागून कुणीतरी म्हणालं, "हा कोण मुनीम आला बे?" लोक हसले. मी गायला लागलो. मी बरा गात होतो. गजेंद्रनं नंतर शपथ घेऊन सांगितलं की गॅदरिंगपेक्षा चांगला गात होतो, आणि गजेंद्र माझं मन राखायला शपथ घेणारा नाही.

पण ते माझ्याकडे पाहतच नव्हते. स्टँडवरच्या डोक्याकडे पाहत होते. ते कधी हलतं याची वाट पाहत होते. विहिरीत उतरायच्या ओळी आल्या तेव्हा मागून ओरडा सुरू झाला, "रेडा आना, रेडा आना." मग पाण्याची एक बाटली आली. ती पियुषच्या ड्रमवर पडली आणि त्याचा ठोका चुकला. त्याचा ठोका मी आयुष्यात पहिल्यांदा चुकलेला ऐकला. केशवराव बाजूच्या पायऱ्यांवर उभे होते आणि हात हलवून मला खाली बोलावत होते.

आम्ही फेरा धरला. कुणासाठी धरला, मला माहीत नाही. गायक तर तिथंच उभा होता.

मग तू आलास. डोकं स्टँडवरून उचललंस आणि घातलंस. बाकी काही केलं नाहीस. नुसता उभा राहिलास. मान थोडी खाली, एक खांदा पुढे, पाय मातीत रुतल्यासारखे. सगळं मैदान गप्प झालं. ते मला जमलं नसतं. मुखवटा घालूनही जमलं नसतं, आता कळतं. गॅदरिंगला मी आत लपलो होतो. तू आत उभा होतास.

तुला गायचं नव्हतं, तुझ्या हातात माईकच नव्हता. मी मागे सरकलो, कीबोर्डच्या अंधारात गेलो, आणि उरलेलं सगळं गाणं तिथून गायलो. तू मान हलवलीस की माझा आवाज तुझ्या तोंडातून निघाल्यासारखा वाटत होता. मलासुद्धा वाटला.

शेवटी ते नाव ओरडायला लागले. "नागसेन, नागसेन." हजार-दीड हजार माणसं असतील. जन्मात कधी कल्पना केली नव्हती असा तो आवाज होता, आणि ते सगळे हात तुझ्याकडे होते. फ्लेक्सवर मीच तसं लिहिलं होतं. डोक्याखाली नाव. पंजाबरावांनी सांगितलं होतं.

तू मुखवटा काढायला हात वर केलास ते मी पाहिलं. केशवराव धावत आले आणि त्यांनी तुझे हात धरले, तेही पाहिलं. त्यानंतर पोरं फोटोसाठी तुझ्याभोवती जमली. "नागसेनभाऊ, इकडं पाहा." मी वायरी गुंडाळत होतो. एकानं मला फोन दिला आणि म्हणाला, "दादा, आमचा यांच्यासोबत एक काढून द्या." मी काढून दिला. हलला नाही, चांगला आला.

केशरआत्या जेवताना माझ्या पानात मांडा वाढत म्हणाली, "धर्मा आज भलता गायला, नाही रे?"

मी हो म्हणालो. केशवरावांना तू म्हणाला होतास, तसाच.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

नागसेन

*

अकोला
२४ डिसेंबर २०२५

नागसेन,

उत्तर देतो. हसू नको.

प्रत्येक कार्यक्रमात 'विहीर'च्या मधात मी मागं जाऊन ओकत होतो. पहिल्या दिवसापासून. समोर उभा असेपर्यंत दाबून धरलं, अन तिथून निघालो का सगळं बाहेर. तुमाले वाटे दादाले भीती नाही. तुहे हात थरथरत तं तू सगळ्यांना दाखवे. मी कोणाले दाखवू? फेऱ्याचा नियम मी गाण्यासाठी नव्हता केला. तोंड धुवाले वेळ भेटावा म्हणून केला होता. गायक येईपर्यंत सोडायचा नाही, कारण गायकाले किती वेळ लागन ते त्यालेच माहीत नव्हतं.

गॅदरिंगले जास्त लागला. तोंड पुसून आलो तं खिळा रिकामा. पडद्याच्या फटीतून पाह्यलं. मी समोर गाऊन राहिलो होतो. मी इथं, अन मी तिथं. अन तिथला चांगला होता. एकानंबी ओळखलं नाही, नागसेन. पहिल्या रांगेत माहे दोस्त होते, त्यांनीबी नाही. आठ वर्षं मले वाटे का लोक मले पाहाले येतात. ते आईनं केलेल्या लगद्याले पाहत होते. जनरेटरमागं उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं, अन बस पकडली.

तू आणखी दोन फेरे थांबला असता तं मी आलो असतो.

त्या दिवशी मैदानावर ते डोकं मी तुले वाचवाले घातलं का माह्या नोकरीसाठी, मले अजून समजलं नाही. दोन्ही असन. उघड्या तोंडानं गा असं मी काहून म्हटलं, ते मात्र मले तेव्हाच माहीत होतं. तुले पाडायचं होतं. तू पडला, अन मले बरं वाटलं नाही. मुखवटा डोक्याले आवळत होता. पट्टा लहान कोणी केला?

आता पुढचं. नागपूरहून केशवरावले फोन आला. फेब्रुवारीत दोन कार्यक्रम आहेत. त्यांना 'नागसेन' पाहिजे. फ्लेक्सचा फोटो अन नवा विडिओ त्यांच्याजवळ आहे. मी केशवरावले सगळं खरं सांगितलं, आईची शपथ. ते म्हणाले, "अबे, कोण गाते ते लोकांना काय करायचं? धर्मेंद्र नाव तसंबी जुनं वाटते. स्टेजचं नाव नागसेनच ठेव." आता ऑफिसात सगळे मले नागसेन म्हणून हाक मारतात. दुसऱ्या पोराचं येणं बंद झालं.

तू मागून गा. मी समोर उभा राहतो. मानधन बरोबरीनं वाटू. आपल्या दोघांचा मिळून एक माणूस होते, चांगला होते, तू पाह्यलं.

नाव वापरू का, एवढं कळव.

धर्मेंद्र

*

अमरावती
२ जानेवारी २०२६

धर्मेंद्रदादा यांस,

जयभीम.

दोन फेरे मी थांबू शकलो असतो. चारही थांबलो असतो. पडद्यामागे माणूस आहे एवढं कुणी सांगितलं असतं, तर कीबोर्डवर डोकं ठेवून सकाळपर्यंत थांबलो असतो. तुम्ही सांगितलं नाहीत. ओकण्याची लाज वाटली, आणि आता माझं नाव मागायची वाटत नाही.

नाव वापरा. मी नाही म्हणालो तरी आता ते माझ्याकडे परत येणार नाही, दीड हजार लोकांनी ते तुमच्या अंगावर टाकलं आहे.

मी मागून गाणार नाही. मैदानावर गायलो, कारण गाणं अर्ध्यात होतं. आता गाणं संपलेलं आहे. केशवराव म्हणतात तसं, कोण गातं ते लोकांना काय करायचं. तेव्हा गायला कुणीही मिळेल. यायचं की नाही, याविषयी गजेंद्र आणि पियुष यांना मी काही सांगितलेलं नाही. त्यांचं त्यांनी ठरवावं.

मुखवटा वायरींबरोबर माझ्या पेटीत आला होता. तो एसटीच्या पार्सलनं पाठवला आहे, पावती सोबत जोडली आहे. उजवं शिंग मुळाशी हललं आहे, केशरआत्याला दाखवा. पट्टा मीच लहान केला होता. गॅदरिंगनंतर, घरी, माझ्या डोक्याच्या मापानं आवळून दुहेरी शिवला होता. पुन्हा कधी लागेल असं वाटलं होतं. काल तो उसवला. आता तुम्हाला आवळणार नाही.

फ्लेक्स दुसरीकडून करून घ्या.

आज दुकानात नागपूरकडचा एक पोरगा लग्नाचा बॅनर करायला आला होता. पंजाबरावांनी मला आतून हाक मारली, तसं त्यानं मान वर केली. "तुमचं नाव नागसेन? तो रेडावाला नागसेन माहीत आहे काय तुमाले? भारी माणूस आहे."

मी त्याच्या बॅनरवरची नावं तपासत होतो. म्हणालो, "तो अकोल्याला असतो."

नागसेन